भाषिक विनोद आणि ‘अशुद्ध’ मराठी

‘मामा येऊन राहिले’ हे वाक्य नागपूरकराने उच्चारले तर मामा अद्याप वाटेवर असतात. पुणेकराने ऐकले तर मामांचा मुक्काम पडलेला असतो. या एका वाक्यावर मराठी मंडळींनी आजवर बरीच करमणूक करून घेतली आहे, आणि त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. एका वाक्यात दोन अर्थ समोरासमोर आले की हसू येणारच. परंतु हसून झाल्यावर श्रोता सहसा तेथे थांबत नाही. तो एक पाऊल पुढे टाकतो आणि ‘ही मराठी अशुद्ध’ असा निकाल देऊन मोकळा होतो. हाच श्रोता रस्त्यावरील पाटीवर ‘उपहारगृह’ वाचतो तेव्हा तसाच हसतो आणि तोच निकाल देतो. शाळकरी मुलाच्या वहीत ‘मुल’ आणि ‘सुन’ अशी रूपे पाहतो तेव्हा पुन्हा तोच. वस्तुतः या ठिकाणी घडलेल्या गोष्टी एकमेकींपासून इतक्या भिन्न आहेत की त्यांना एका शब्दाने संबोधणे हीच एक मोठी चूक ठरावी. मराठीतील विनोदी वाङ्मयाचा, विशेषतः बोलीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या विनोदाचा विचार करताना हा गोंधळ समीक्षेतही शिरलेला आढळतो. तो उलगडल्याखेरीज त्या वाङ्मयाचे मोल ठरविता येत नाही.

लेखनातील चुकांचा विचार प्रथम करणे सोयीचे आहे, कारण समाजात त्यांची बदनामी सर्वांत अधिक आणि भाषेच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व सर्वांत कमी. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली. तत्पूर्वी होडी या अर्थी ‘नाव’ आणि माणसाचे ते ‘नांव’ असा भेद लेखनात पाळला जात असे. १९६० साली ज्या विद्यार्थ्याने माणसाचे ‘नाव’ अनुस्वारावाचून लिहिले त्याचे गुण कापले गेले असतील. दहा वर्षांनी त्याच्या धाकट्या भावाने ते अनुस्वारासह लिहिले तर त्याचेही गुण कापले जाणार. दोघा भावांच्या भाषाज्ञानात काडीचाही फरक नव्हता आणि दोघेही तो शब्द अगदी एकसारखाच उच्चारीत होते. बदलला होता तो लिहिणारांमधील संकेत. त्याच नियमांनी शब्दाच्या अंती येणारे इकार-उकार दीर्घ ठरविले, ‘कवि’चा ‘कवी’ केला आणि ‘गुरु’चा ‘गुरू’. आणि मराठीत पानोपानी सर्वाधिक येणाऱ्या ‘आणि’ या अव्ययाला मात्र त्याच नियमातून सूट दिली! ज्या शब्दावाचून दोन वाक्ये लिहिता येत नाहीत तोच शब्द अपवाद असावा, ही गोष्ट मुलांना गमतीची वाटत नसेल, पण भाषाभ्यासकाला वाटण्यास हरकत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न याहून खोल आहे. मराठी बोलताना इकार आणि उकार लांबवावयाचा की आखूड करावयाचा हे वक्त्याच्या इच्छेवर अवलंबून नसते. ते त्या स्वराच्या शब्दातील स्थानावर अवलंबून असते. अंत्य व्यंजनाच्या आधी तो लांबतो आणि पुढे प्रत्यय लागून शब्द वाढला की आखडतो. म्हणून ‘मूल’ आणि ‘मुलाला’, ‘वकील’ आणि ‘वकिलाला’, ‘सून’ आणि ‘सुनेला’. हा फरक मराठी मनुष्य न शिकता बरोबर करतो. ज्या मुलाने ‘मुल’ असे लिहिले त्याने उच्चार चुकीचा केलेला नसतो, ऐकलेलाही नसतो. आपोआप होणारी गोष्ट कागदावर नोंदवण्याची त्याला गरज भासलेली नसते इतकेच. उलटपक्षी ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ या जोड्या पाहाव्यात. संस्कृतात यांचा भेद कानाला कळतो. मराठीच्या रोजच्या उच्चारात दोन्ही दीर्घच होतात. भेद उरतो तो डोळ्यांपुरता. ‘दिनदर्शिके’ऐवजी कोणी ‘दीनदर्शिका’ लिहिली तर भिंतीवर दारिद्र्याचे दर्शन टांगल्यासारखे होईल खरे, परंतु तो विनोद वाचणाराचा आहे, ऐकणाराचा नव्हे.

याचा अर्थ लेखनाचे नियम निरर्थक आहेत असा नाही. छापील भाषेला एकरूपता हवीच. रस्त्याने डाव्या बाजूने चालण्याचा नियम जितका उपयुक्त तितकाच हाही. मात्र उजव्या बाजूने चालणाराला कोणी ‘याला चालताच येत नाही’ असे म्हणत नाही. लेखनात चुकणाराला मात्र ‘याला मराठी येत नाही’ असे सर्रास म्हटले जाते.

पाट्या, निमंत्रणपत्रिका आणि भाषणे यांतील चुकांचे कुळ वेगळे आहे. ‘उपाहार’ म्हणजे फराळ आणि ‘उपहार’ म्हणजे भेटवस्तू. त्यामुळे ‘उपहारगृहा’त शिरणाराला बशीत भजी न मिळता बक्षीस मिळावयास हवे, अशी थट्टा व्याकरणप्रेमी मंडळी पिढ्यानपिढ्या करीत आली आहेत. ‘शाकाहारी’चे ‘शाखाहारी’ होते तेव्हा भाजी सोडून झाडाच्या फांद्या चावण्याची पाळी येते. साठाव्या वाढदिवसाच्या पत्रिकांवर तर याहून मोठा अन्याय घडतो. ‘षष्टि’ म्हणजे साठ आणि ‘षष्ठी’ म्हणजे सहावी; टकाराऐवजी ठकार छापला गेला की नातवंडांनी वेढलेल्या गृहस्थांच्या वयाचा हिशेब साठावरून सहावर येतो. या चुका खऱ्या आहेत आणि त्यांतील गंमतही खरी आहे. परंतु त्या कोणाच्या आहेत, हे पाहण्यासारखे आहे. शेतावर राबणारा मनुष्य ‘षष्ठ्यब्दी’ म्हणत नाही आणि ‘परंपरा’ या शब्दापासून विशेषण बनविण्याच्या भानगडीतही पडत नाही. ‘पारंपरिक’चे ‘पारंपारिक’ करतो तो शिकलेला मनुष्य. ‘इक’ प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते एवढे त्याला ठाऊक असते; पहिला दीर्घ झाला म्हणून तालावर तो तिसराही दीर्घ करून टाकतो. या चुका अज्ञानाच्या नव्हेत, अर्ध्या ज्ञानाच्या आहेत.

विद्यापीठाच्या परिसरात या जातीचे एक उदाहरण विशेष बोधप्रद ठरेल. प्रबंधांच्या पहिल्या-दुसऱ्या प्रकरणात पूर्वसंशोधनाचे ‘पुनरावलोकन’ करण्याची प्रथा आहे. ‘पुनर्’ आणि ‘अवलोकन’ यांचा संधी ‘पुनरवलोकन’ असा होतो. मधला आकार येण्याचे काहीच कारण नाही. तो आला आहे तो शेजारच्या ‘पुनरावृत्ती’तून, जेथे मुळात ‘आवृत्ती’ असल्यामुळे तो योग्यच आहे. याच वाटेने ‘दुरवस्थे’ची ‘दुरावस्था’ झाली. म्हणजे परिचित शब्दाच्या साच्यात अपरिचित शब्द बसविण्याची मनाची जी स्वाभाविक प्रवृत्ती, तीच येथे काम करीत आहे, आणि भाषेच्या इतिहासात नवी रूपे घडविणारी प्रमुख शक्तीही तीच आहे. मौज अशी की, ज्या चर्चासत्रात ‘पानी’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहून ओठांच्या कडा हलतात, त्याच चर्चासत्रात ‘पुनरावलोकन’ हा शब्द दहा वेळा उच्चारला जातो आणि कोणाच्याही कपाळाला आठी पडत नाही. पहिला शब्द घरातून आलेला असतो आणि दुसरा ग्रंथालयातून. हसू कोणत्या शब्दाच्या वाट्याला यावे हे शब्दाच्या शुद्धतेवरून ठरत नसून तो कोठून आला यावरून ठरते, असे म्हणण्यास येथे भरपूर आधार आहे.

‘पानी’चाच इतिहास पाहिला तर हसणाराची अडचण वाढते. संस्कृत ‘पानीय’ या शब्दात नकार आहे. प्राकृतात त्या नकाराचा णकार झाला, आणि दंडीने प्राकृतांत श्रेष्ठ म्हणून जिचा गौरव केला त्या महाराष्ट्रीत तर नकाराचा णकार होणे हा सर्वसाधारण नियम होता. तेथून मराठीला ‘पाणी’ मिळाले. ‘मानुष’पासून ‘माणूस’ आणि ‘भगिनी’पासून ‘बहीण’ मिळाली. पुढे खानदेश, वऱ्हाड, नागपूर आणि मराठवाड्याचा बराच भाग येथील बोलींत हा णकार पुन्हा नकारात विलीन झाला आणि ‘पानी’, ‘मानूस’, ‘कोन’ ही रूपे तेथे रूढ झाली. ही रूपे संस्कृताच्या अधिक जवळची दिसतात म्हणून ती अधिक शुद्ध, असा उलटा दावा करण्याचे कारण नाही. हे साम्य योगायोगाचे आहे. तात्पर्य इतकेच की, ज्याला आज शुद्ध म्हणतात ते ‘पाणी’ हे संस्कृत पंडिताच्या कानाला एके काळी अपभ्रष्टच वाटले असणार.

उच्चार सोडून वाक्यरचनेकडे वळले की विषय खऱ्या अर्थाने मनोरंजक होतो, कारण तेथे हसणाराला वाटते त्याहून पुष्कळ अधिक व्याकरण आहे. ‘येऊन राहिले’ ही विदर्भातील रचना घ्यावी. चालू असलेली क्रिया दाखविण्यासाठी प्रमाण मराठी ‘येत आहेत’ असे म्हणते. वैदर्भी बोली ‘राहणे’ हे क्रियापद मदतीला घेते. पुणेकराचा आक्षेप असा की ‘राहणे’ म्हणजे मुक्काम करणे, आणि मामा तर अजून आलेलेच नाहीत. परंतु हाच पुणेकर ‘मी छत्री विसरून गेलो’ असे म्हणतो तेव्हा कोठे गेलेला असतो? ‘ते आता मोठे पुढारी होऊन बसले’ या वाक्यात कोणती बैठक अभिप्रेत असते? संयुक्त क्रियापदात दुसऱ्या धातूने आपला मूळ अर्थ सोडून केवळ क्रियेची अवस्था दाखवावी, ही मराठीची अगदी घरची चाल आहे. ‘जाणे’, ‘बसणे’, ‘टाकणे’, ‘सोडणे’ या धातूंना जी मुभा प्रमाण भाषेने दिली तीच वैदर्भी बोलीने ‘राहणे’ या धातूला दिली. या रचनेला शेजारच्या हिंदीचे पाठबळ आहे हेही उघड आहे. नागपूर आणि वऱ्हाड दीर्घकाळ मध्यप्रांतात होते, १९५६ मध्ये ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. परंतु शेजाऱ्याकडून घेतले म्हणून रूप अशुद्ध होत असेल तर अलीकडे पुण्या-मुंबईच्या शिष्ट संभाषणात सर्रास ऐकू येणाऱ्या ‘माझी मदत कर’ या रचनेचे काय करावयाचे? ‘मला मदत कर’ ही मराठीची जुनी रीत; ‘माझी’ हे सरळ हिंदीचे देणे. रुचीच्या कारणास्तव ते कोणी नाकारले तर समजण्यासारखे आहे. मात्र नागपूरची उसनवारी ती अशुद्धता आणि पुण्याची उसनवारी ती आधुनिकता, हा न्याय समजण्यासारखा नाही.

सोलापूर-अक्कलकोटकडे, कानडी मुलखाच्या शेजारी, ‘मी काम केलो’, ‘मी पुस्तक वाचलो’ असे बोलले जाते. हे वाक्य ऐकून इतर भागांतील श्रोत्याला हसू आवरत नाही, कारण प्रमाण मराठीत सकर्मक धातूचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो: ‘मी काम केले’, ‘मी भाकरी खाल्ली’. कर्मणि प्रयोग हा मराठीचा कणा आहे आणि सोलापूरकराने तोच मोडला, असे वैयाकरणाला वाटते. पण हा कणा प्रमाण भाषेतही किती ठिकाणी वाकलेला आहे? ‘मी पाणी प्यालो’, ‘मी धडा शिकलो’, ‘मी तुझे नाव विसरलो’ ही वाक्ये निर्दोष मानली जातात. तिन्ही क्रियापदे सकर्मक आणि तिन्ही वाक्यांत क्रियापद कर्त्याच्या मागे चाललेले. एकाच धातूची ‘मी म्हणालो’ आणि ‘मी म्हटले’ अशी दोन रूपे शेजारी शेजारी नांदतात आणि कोणाला त्यांत विसंगती दिसत नाही. ‘तू कविता म्हटलीस’ या वाक्यात तर क्रियापद एकाच दमात दोन धन्यांची चाकरी करते: त्यातील ईकार कवितेचा आणि शेवटचा सकार ‘तू’चा. मराठी वैयाकरणांनी याला संकर प्रयोग असे नाव देऊन आपल्या पद्धतीत जागा करून दिली. ते रूप पाठ्यपुस्तकात आले आणि त्याची थट्टा संपली. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जुन्या लेखनात ‘मीं केलें’ आणि ‘मी आलों’ असा भेद होता. तृतीयेतील ‘मीं’वर अनुस्वार असे. उच्चारातून ती खूण पूर्वीच गेली होती, १९६२ नंतर ती लेखनातूनही गेली. आज ‘मी’ या रूपाकडे पाहून ते प्रथमेतील की तृतीयेतील हे सांगता येत नाही. मग ‘मी आलो’, ‘मी शिकलो’, ‘मी म्हणालो’ यांच्या ओळीत ‘मी केलो’ येऊन बसले तर त्यात चमत्कारिक असे काय आहे? बोलीने अपवादांचा नियम केला, आणि कानडीसारख्या भाषेच्या सहवासाने त्याला हातभार लावला. कानडीत क्रियापद भूतकाळीही कर्त्याप्रमाणेच चालते.

कोल्हापूर-सांगली भागातील पुष्कळ स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे बोलतात. नव्याने तेथे गेलेल्या पाहुण्याची यामुळे जी गडबड उडते तिच्या कथा सर्वश्रुत आहेत. या प्रयोगात पुरुषीपणा शोधण्याचा उद्योग काही जणांनी केलेला दिसतो. तो व्यर्थ आहे. प्रमाण मराठीत ‘आम्ही आलो’ हे वाक्य स्त्रियांचे की पुरुषांचे, हे वाक्यावरून कळत नाही. ‘मी येईन’ यावरूनही कळत नाही. प्रथमपुरुषात बोलणारा समोर उभाच असतो, त्याचे लिंग क्रियापदाने सांगण्याची निकड नसते. म्हणून अनेकवचनात आणि भविष्यकाळात प्रमाण भाषेने ते सोडून दिले. कोल्हापूरने ते एकवचनातही सोडले, इतकाच फरक. ‘उद्या गाडी पाहिजेल’ या वाक्याची कथा अशीच. ‘पाहिजे’ हे मुळात जुन्या मराठीतील ‘इजे’प्रत्ययान्त कर्मणि रूप, ‘म्हणजे’ हेही त्याच घराण्यातले. मूळ अर्थ लोपून ते गोठले, आणि गोठलेल्या रूपाला भविष्यकाळ उरला नाही. प्रमाण भाषा तेथे ‘लागेल’ हा दुसराच धातू आणून वेळ मारून नेते. बोलणाराने ‘होईल’, ‘येईल’ यांतील लकार ‘पाहिजे’ला जोडला आणि रिकामी जागा भरून काढली.

शब्दांच्या भिन्नतेवर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. एकाची ‘पोळी’ ती दुसऱ्याची ‘चपाती’, आणि त्या दुसऱ्याची ‘पोळी’ पुरणाशिवाय होत नाही. पश्चिमेकडचा पेरू मराठवाड्यात ‘जांब’ होतो. असल्या भेदांवरील विनोद निरुपद्रवी असतो, कारण येथे दोन्ही पक्षांना आपण बरोबर असल्याची खात्री असते. व्याकरणावरील विनोदात ती खात्री एकाच पक्षाकडे असते. दुसरा पक्ष हळूहळू गप्प बसतो. पदव्युत्तर वर्गात बुलढाण्याहून वा अक्कलकोटहून आलेला विद्यार्थी लेखी परीक्षेत पहिला येतो आणि चर्चेत तोंड उघडत नाही, याचे कारण पुष्कळदा विषयाच्या अज्ञानात नसून या एकतर्फी हास्यात असते.

शुद्धाशुद्धतेचा निकाल भाषेबाहेरील गोष्टींवर किती अवलंबून असतो याचे ठळक उदाहरण म्हणजे कोंकणी. जॉर्ज ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या मराठीविषयक सातव्या खंडात कोंकणीची गणना मराठीच्या बोलीत झाली. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून मराठी बोलींच्या पाहणीची जी ग्रंथमाला काढली तिचा आरंभच दक्षिण कानड्यातील कोंकणीने झाला. पुढे १९७५ मध्ये साहित्य अकादेमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये तिचा समावेश घटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. तरुण मुलीविषयी बोलताना कोंकणी नपुंसकलिंग वापरते. ‘चेडूं आयलें’ हे वाक्य मराठीच्या मापाने मोजणाराला ती चूक वाटे आणि त्याला हसू येई. आज तेच वाक्य कोंकणीच्या परीक्षेत पूर्ण गुणांचे उत्तर आहे. वाक्य तेच आहे आणि बोलणारेही तेच आहेत.

वाङ्मयाने या हास्याचा उपयोग फार जुन्या काळापासून केला आहे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, विदूषक प्राकृत. आणि ‘मृच्छकटिका’तील शकार तर सकाराच्या जागी शकार उच्चारून आपले नावच सार्थ करतो. तथापि शूद्रकाने केवळ त्या उच्चारावर भिस्त ठेवलेली नाही. शकार रामायण-महाभारतातील पात्रांची अशी काही सरमिसळ करतो की त्याचा बडेजाव आणि त्याचे अज्ञान एकाच वेळी उघडे पडतात. उच्चार ही त्या पात्राची वेशभूषा आहे. विनोद त्याच्या स्वभावात आहे. बोलीच्या विनोदाची कसोटी येथेच सापडते. उच्चार काढून घेतला, तीच वाक्ये प्रमाण भाषेत लिहिली, तर हसण्याजोगे काही शिल्लक उरते काय? मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटात रुळलेली सर्वसाधारण ‘ग्रामीण’ भाषा या कसोटीला बहुधा उतरत नाही. ‘लई’, ‘व्हय’, ‘न्हाई’ हे तीन शब्द आणि णकाराऐवजी नकार एवढ्या भांडवलावर ती उभी असते. ती साताऱ्याची नसते आणि अमरावतीचीही नसते. ‘काहून’ आणि ‘हाव’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी पात्राच्या तोंडी ती बिनदिक्कत ‘व्हय’ घालते. गावाकडच्या माणसाला व्याकरण नसते या समजुतीवर ती भाषा रचलेली आहे, आणि म्हणूनच ती कोणत्याही खेड्यात ऐकू येत नाही.

पु. ल. देशपांडे यांचा अंतू बर्वा हा या कसोटीला पूर्णपणे उतरणारा नमुना होय. ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) मधील हा रत्नागिरीकर सानुनासिक उच्चारासाठी वाचकांच्या स्मरणात राहिला असला तरी त्याचे सामर्थ्य उच्चारात नाही. समोरच्याला सरळ उत्तर न देता तिरकस प्रतिप्रश्नाने गार करण्याची, दारिद्र्यालाही टोमणा मारण्याची जी तऱ्हा, ती त्याच्या वाक्यांच्या घडणीतून येते. अनुस्वार पुसले तरी अंतू बर्वा ओळखू येईल. येथे वाचक अंतूच्या भाषेला हसत नाही, अंतूच्या भाषेने जगाला हसतो.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत हसण्याचा प्रश्नच येत नाही, आणि म्हणूनच ती या चर्चेत महत्त्वाची आहे. निवेदन प्रमाण मराठीच्या जवळचे, संवाद वऱ्हाडी. विदर्भाबाहेरील वाचकाला प्रारंभीच्या पानांत ‘मले’, ‘तुले’ या रूपांशी अडखळायला होते, कदाचित किंचित हसूही येते. कारण ही रूपे त्याला तोवर केवळ थट्टेतून भेटलेली असतात. परंतु कौतिकच्या संसाराची ओढाताण सुरू झाली की ते हसू कधी मावळले हे त्याला कळतही नाही. शेळके यांच्या वऱ्हाडीत प्रत्यय आहेत, काळ आहेत, आदरार्थाच्या आणि रागाच्या वेगवेगळ्या रीती आहेत. ती सुखदुःखाचे सर्व व्यवहार करू शकते. बोली विनोदासाठीच असते हा वाचकाचा ग्रह ज्या मोजक्या कृतींनी मोडून काढला त्यांत ‘धग’चे स्थान वरचे आहे. समीक्षेने मात्र तिची दखल घेताना ‘प्रादेशिक’ हे विशेषण इतके पुढे ठेवले की कौतिकपेक्षा वऱ्हाडच अधिक दिसू लागले.

गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ (१९८०) या मालवणी नाटकाचे रहस्य आणखी निराळे आहे. गावची मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा प्रयोग करू जातात आणि पौराणिक भाषणांची भव्यता मालवणी संसारात पदोपदी कोसळते, अशी त्याची रचना. त्याचे हजारो प्रयोग झाले, परंतु एकाच प्रेक्षागृहात दोन भिन्न जातींचे हसू उमटत होते याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मालवणी प्रेक्षक हसतो तो पौराणिक नाटकातील अवजड ग्रांथिक मराठीला. ती कृत्रिम भाषा ज्या सहजतेने फाटते त्याला. मालवणी न येणारा प्रेक्षक हसतो तो मालवणीला. पहिल्याच्या दृष्टीने विनोदाचा विषय प्रमाण भाषा आहे, दुसऱ्याच्या दृष्टीने बोली. लेखकाने नाटकाचा भार पहिल्या हसण्यावर ठेवला आहे. दुसरे हसू त्याला वरकड मिळाले. या नाटकानंतर आलेल्या कित्येक अनुकरणांत केवळ दुसरेच हसू उरले, आणि ती टिकली नाहीत.

छापील पुस्तकात या सर्वांच्या वाटेत संपादक उभा असतो. १९६२ च्या नियमांनी संवादात ‘केलं’, ‘झालं’ अशी उच्चारानुसारी रूपे मान्य केली. निवेदनात ‘केले’, ‘झाले’ हवे. ही सवलत ज्या उच्चाराला मिळाली तो पुण्या-मुंबईच्या शिष्टांचा उच्चार होता. एका उच्चाराला ती मिळते तर ‘मले’ आणि ‘केलो’ यांना नाकारण्यास कोणताही तात्त्विक आधार राहत नाही. तरीही बोलीतील संवाद असलेल्या हस्तलिखितात मुद्रितशोधकाची लेखणी ‘केलो’चे ‘केले’ करते आणि ‘लई’ला हात लावीत नाही, हा अनुभव विरळा नाही. ‘लई’ हा त्याच्या दृष्टीने गावरान रंग असतो, ‘केलो’ ही चूक. वस्तुतः रंग पुसला गेला तरी बोली उरते. ‘केलो’ पुसले की सोलापूरचा माणूस नाहीसा होतो. वऱ्हाडी संवाद लिहिणारा लेखक पात्राच्या तोंडी ‘डोया’ लिहितो आणि पुढच्याच ओळीत निवेदनात ‘डोळा’ लिहितो. एकाच पानावरील ही दोन्ही लेखने तशीच छापली गेली पाहिजेत, आणि परीक्षकाने दोहोंखालीही तांबडी रेघ ओढता कामा नये.